साधनाची नीति

मनुष्य नीतीचा निवाडा करूं लागला कीं त्याची नजर प्रथम साधनावर जाते. विष हें भ्याडाचें शस्त्र, असें आपण सहज म्हणतों. हें मत कितपत टिकतें, तें एका झाडाच्या आधारें पाहूं.

आपल्या डोंगरांवरील करवंदीच्या कुळांतलाच एक वृक्षवर्ग पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेंत आढळतो. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला 'अकोकॅन्थेरा' म्हणतात. सदाहरित पानें, गुलाबी झांक असलेलीं पांढरीं सुवासिक फुलें, पिकल्यावर जांभळीं होणारीं फळें, असें त्याचें सौम्य रूप आहे. परंतु त्याच्या लांकडाचा काढा दाट होईपर्यंत आटविला, कीं हत्तीलाही लोळविणारें विष तयार होतें. केनियांतील वाआता जमातीचे शिकारी तें बाणांना लावीत. आर्नो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८८८ सालीं त्यांतील 'वाबेन' हें द्रव्य वेगळें काढलें. तें रक्तांत शिरलें म्हणजे हृदय बंद पाडतें; मापून दिलेलें तेंच द्रव्य डॉक्टरांनीं दुर्बळ हृदयाच्या रोग्यांना औषध म्हणूनही दिलें. तेव्हां दोष द्रव्याचा नव्हे, हें उघड आहे.

मग दोष कोणाचा? १९४८ सालीं त्सावो राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें आणि वाआतांचें पिढीजात शिकारीचें रान त्यांत गेलें. पुढील दशकांत मोहीम निघून कित्येक धनुर्धर तुरुंगांत गेले. त्याच वसाहतींत परवाना विकत घेऊन बंदुकीनें हत्ती मारणें मात्र कायदेशीर होतें. विषबाणानें जखमी झालेलें जनावर दूर पळतें व वेदना सोशीत मरतें, हें खरें. पण नेम चुकलेल्या गोळीनेंही तेंच होतें.

वाआतांना निर्दोष ठरविण्याचा येथें हेतु नाहीं. ते मांसासाठीं मारीत, तसेच दंतही विकीत; आणि हत्तींना रक्षणाची गरज होतीच. परंतु पोटासाठीं मारणारा गुन्हेगार आणि हौसेसाठीं मारणारा सभ्य, हा भेद कृत्यावरून नव्हे, तर कर्त्याच्या प्रतिष्ठेवरून पाडलेला होता. केनियानें १९७७ सालीं वन्य पशूंच्या हौशी शिकारीवर बंदी घातली, तेव्हां तो कायद्यापुरता तरी मिटला.

आणि आपणही केवळ प्रेक्षक नव्हतों. एकोणिसाव्या शतकांत पूर्व आफ्रिकेंतील हस्तिदंत झांझिबारहून मुंबईस येई व हिंदी स्त्रियांच्या बांगड्यांना तो लागे. बांगडी घेणाऱ्याच्या हाताला विष लागलें नव्हतें. परंतु त्याच्या मागणीवांचून पुष्कळ बाण भात्यांतच राहिले असते. म्हणून साधनाची निंदा करण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: गरज कोणाची होती, आणि लाभ कोणाला झाला? यांचीं उत्तरें ज्या निवाड्यांत नाहींत, तो निवाडा कायद्याचा असेल, न्यायाचा नव्हे.