श्रोत्याचें आसन

गेल्या दिवाळींत आमच्या अंबरनाथच्या घरीं एक नवें यंत्र आलें. चित्रपटगृहांतील ध्वनीचा आभास बैठकीच्या खोलींत उत्पन्न करणारा एक रिसीव्हर, त्याचे पांच स्पीकर आणि खर्ज सांभाळणारा सबवूफर, असा हा परिवार उल्हासनगरच्या बाजारांतून आला व त्याच्यामागोमाग तो जुळवून देणारा एक तरुण कारागीरही आला. त्यानें तारा जोडल्या, पेटींतून लहानसा मायक्रोफोन काढला आणि विचारलें, "सर, मुख्य खुर्ची कोणती?" उत्तर द्यावयास मला क्षणाचाही विचार करावा लागला नाहीं. मीं माझ्या खुर्चीकडे बोट दाखविलें. नीतिशास्त्र शिकविण्यांत ज्याची पंचवीस वर्षें गेलीं, त्याला या प्रश्नांत नीतीचा कांहीं अंश असेल अशी शंकाही आली नाहीं, हें कबूल करूनच पुढें लिहिणें बरें.

हें यंत्र काय करतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ध्वनि हवेंतून सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटर चालावयास त्याला जवळजवळ ३ सहस्रांश सेकंद लागतात. समोरचा स्पीकर तीन मीटरांवर आणि पाठीमागचा दीड मीटरावर असेल, तर एकाच क्षणीं निघालेले दोन ध्वनि कानाशीं एकाच क्षणीं पोंचणार नाहींत. म्हणून रिसीव्हर जवळच्या स्पीकरला किंचित् थांबवितो. शिवाय जवळचा आवाज मोठा वाटतो. मोकळ्या जागेंत अंतर निम्में झालें कीं ध्वनीची पातळी सुमारें ६ डेसिबलनीं चढते. म्हणून तो त्याचा आवाज उतरवितोही. प्रत्येक स्पीकरांतून आळीपाळीनें एक खरखर निघते, मायक्रोफोन ती ऐकतो आणि हिशेब पुरा होतो. जवळच्यानें थांबावें व हळू बोलावें, म्हणजे दूरच्याचें बोलणेंही वेळेवर पोंचेल, असा हा हिशेब आहे. न्यायाचा इतका सुबोध दृष्टांत मला वर्गांत कधीं सांपडला नव्हता. परंतु हा सर्व न्याय एका बिंदूपासून मोजलेला असतो आणि तो बिंदु म्हणजे माझी खुर्ची होती.

माझ्या आईनें ऐंशी ओलांडली आहे. तिची बसण्याची जागा कोपऱ्यांतल्या दिवाणावर, डावीकडच्या मागील स्पीकरला अगदीं लागून. पहिल्याच चित्रपटाच्या वेळीं ती म्हणाली, "अरे, आवाज फार येतो, पण बोलतात काय तें कळत नाहीं." मीं आवाज वाढविला. ती म्हणाली, "आतां डोकें दुखतें." तेव्हां मीं तिला म्हटलें कीं, आई, तुझें लक्षच नसतें. हें वाक्य लिहितांना आज लाज वाटते. त्यानंतर तिनें तक्रार केली नाहीं. संध्याकाळीं चित्रपट लागला कीं ती आंतल्या खोलींत जपाची माळ घेऊन बसूं लागली. दोन महिने मीं या गोष्टीचें श्रेय तिच्या भक्तीला देत होतों.

एके रात्रीं माझ्या खुर्चीवर पाहुणे बसले आणि मी दिवाणावर बसलों, तेव्हां खरी स्थिति कळली. चित्रपटांतील संभाषण बहुतेक समोरच्या मधल्या स्पीकरांतून येतें. दिवाणाशीं मात्र पाऊस, वाहनें आणि पार्श्वसंगीत यांचा धबधबा होता. त्यांतून वार्धक्यांत कान सर्व ध्वनींना सारखाच मंदावत नाहीं. उंच कंपनांचे ध्वनि आधीं हरपतात, आणि स, श, फ, त यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी त्याच कंपनांवर अवलंबून असते. त्यामुळें कोणी बोलत आहे एवढें समजतें, काय बोलत आहे तें समजत नाहीं. आईचें वाक्य शब्दशः खरें होतें. मीं तिच्या अनुभवाची परीक्षा माझ्या खुर्चीवर बसून केली होती.

आतां प्रश्न असा कीं, अशा वेळीं योग्य जुळवणी कोणती? कोणी रसिक म्हणेल, दिग्दर्शकानें जें प्रमाण ठरविलें तेंच योग्य. कुजबूज कुजबुजीसारखी आणि स्फोट स्फोटासारखाच ऐकूं आला पाहिजे. श्रोत्याच्या सोयीसाठीं कलाकृतींत ढवळाढवळ करणें हा अपराध होय. या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु दिग्दर्शकानें पात्राच्या तोंडीं शब्द घातले ते कळावेत म्हणूनच ना? ते न कळतां त्यांची पातळी तेवढी शुद्ध राहिली, तर कलाकृतीचें रक्षण झालें असें म्हणतां येणार नाहीं. पूर्वी जत्रेंतल्या तंबूच्या सिनेमांत पडद्यामागें एकच कर्णा असे. तिथें सर्वांना सारखेंच वाईट ऐकूं येई. आज ध्वनीला दिशा आली आणि तिच्याबरोबर घरांत मानाची जागा व कोपऱ्यांतली जागा असा भेदही आला.

दुसरा कोणी म्हणेल, मग ज्याला जें आवडेल तें त्यानें मागावें, याला अंत कुठें? अंत आहे. मेघगर्जनेनें छाती हादरावी ही माझी आवड आहे. नायिका काय म्हणाली तें कळावें ही आईची गरज आहे. दोन्ही एकाच तागडींत तोलणें ही समता नव्हे. आवडीला कांहीं मुकावें लागलें तर करमणूक थोडी उणी होते. गरज नाकारली तर माणूस उठून आंतल्या खोलींत जातें.

मीं कारागिराला फिरून बोलाविलें. त्यानें हंसत हंसत ऐकून घेतलें आणि रात्रीसाठीं असलेली एक योजना दाखविली. तिनें हळू आवाज चढतो, मोठा उतरतो. सबवूफरही त्यानें भिंतीपासून दूर सरकवून मंद केला. म्हणाला, "सर, खर्ज भिंत मानत नाहीं." त्याचे आजोबा फाळणीनंतर सिंधमधून येऊन कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिले होते, त्याच छावणीचें १९४९ सालीं उल्हासनगर झालें. एका छपराखालीं कैक कुटुंबें, मध्यें नुसता आडोसा. शेजाऱ्याच्या घरांतलें तान्हें झोपलें कीं आपल्या घरांतलें भांडण हळू आवाजांत चाले, असें आजोबा सांगत. निवासी भागांत रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनीं घातली आहे. पण त्या बराकींतल्या माणसांना ती कोणी मोजून दिली नव्हती. भिंतीपलीकडे कोणी आहे एवढें त्यांच्या ध्यानांत असे. आमच्या भिंतीपलीकडेही परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी राहते, हें मला त्या दिवशीं आठवलें.

मग त्यानें मायक्रोफोन हातांत घेऊन पुन्हां तोच प्रश्न केला, "आतां कोणाची खुर्ची धरूं?" या वेळीं मीं दिवाणाकडे बोट दाखविलें. आई मात्र म्हणाली, "मध्यें कुठें तरी ठेव रे बाळा, त्यालाही ऐकूं येऊं दे."

त्याप्रमाणें मायक्रोफोन मध्यें ठेविला; मधला स्पीकर ३ डेसिबलनीं चढविला, दिवाणाजवळचा उतरविला. माझ्या खुर्चीवर आतां पूर्वीची ती परिपूर्णता राहिली नाहीं. डावीकडचा पाऊस मला जरा दूर पडल्यासारखा वाटतो. आई मात्र दिवाणावर परत आली आहे, आणि चित्रपटांतील सासू कांहीं खोटें बोलली कीं तिला तिथल्या तिथें खोडून काढते.