गुरुवारचे मत, शुक्रवारचा अर्थ

इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांचा एकत्रित निकाल सरकारदरबारी कुठेच लागत नाही. प्रत्येक परिषदेचा निवडणूक निर्णय अधिकारी आपापल्या प्रभागांचे आकडे वाचून दाखवतो, कागद त्या परिषदेच्या दप्तरात जातात आणि कायद्याच्या दृष्टीने विषय मिटतो. देशभराची बेरीज मांडून ठेवणे हे कोणत्याच खात्याचे काम नाही. १९८० च्या दशकापासून ही बेरीज मुख्यतः प्लिमथच्या दोन प्राध्यापकांनी, कॉलिन रॉलिंग्ज आणि मायकल थ्रॅशर यांनी, परिषदांकडून आकडे जमवून जमवून केली. तरीही मे महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी मतदान झाले की शुक्रवारी सकाळी ‘निकाल’ हजर असतो: पंतप्रधानांना दणका, विरोधकांना बळ, अमुक पक्षाची घोडदौड. शेकडो परिषदा, हजारो प्रभाग आणि अर्थ मात्र एक. हा अर्थ कुठून आला?

आधी एक खुलासा. डिस्ट्रिक्ट कौन्सिल म्हणजे आपली जिल्हा परिषद नव्हे. लाख-सव्वा लाख वस्तीचा हा मुलूख आपल्या तालुक्याच्या जवळ जाणारा. कचरा उचलणे, बांधकाम परवानग्या, गरजूंसाठी घरे, वाहनतळ, पोहण्याचे तलाव आणि कराची वसुली ही त्याची कामे. शाळा, रस्ते, ग्रंथालये, म्हाताऱ्या माणसांची देखभाल हे सगळे वरच्या काउंटी कौन्सिलकडे. म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यावर चिडून डिस्ट्रिक्टच्या उमेदवाराला पाडणारा मतदार भलत्याच माणसाला शिक्षा करून घरी येतो. कराचे बिल डिस्ट्रिक्टच्या नावाने येते आणि त्यातला मोठा वाटा काउंटीला जातो, हेही अनेकांच्या गावी नसते.

या निवडणुकांच्या मुळाशी घरपट्टी आहे. १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स कायद्याने १७८ नगरांचा कारभार जुन्या बंदिस्त मंडळींकडून काढून घरपट्टी भरणाऱ्यांच्या हाती दिला. पैसे ज्याचे, हिशेब त्याने विचारावा, असा हा सरळ व्यापारी हिशेब. मत माणसाला नव्हते, करदात्याला होते. भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर त्यात बसत नसे. आज हे खटकते आणि खटकायलाच हवे. पण त्या कल्पनेने आपला तर्क बऱ्यापैकी निष्ठेने पाळला, हेही म्हणायला हवे. संसदेचे मत इंग्लंडमधल्या स्त्रियांना १९१८ मध्ये मिळाले. घरपट्टी भरणाऱ्या स्त्रियांना नगरपालिकेचे मत १८६९ मध्येच मिळाले होते. न्यायालयाने पुढे ते अविवाहित आणि विधवा स्त्रियांपुरते आखडले, पण १८९४ च्या कायद्याने शहरी आणि ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिले स्थापन झाली तेव्हा तिथे विवाहित स्त्रियांनाही मत आणि उमेदवारी दोन्ही मिळाले. हाच करदात्याचा तर्क बोटीतून मुंबईलाही आला. १८७२ च्या कायद्याने मुंबई पालिकेच्या ६४ पैकी ३२ सभासदांची निवड करदात्यांकडे आली, आणि फिरोजशहा मेहतांची पिढी त्याच वाटेने राजकारणात शिरली.

या व्यवस्थेत निकालाला प्रभागाबाहेर फारसा अर्थ नव्हता. ग्रामीण डिस्ट्रिक्टांत कित्येक जागा बिनविरोध जात. जमीनदार, बडे शेतकरी, पाद्री, क्वचित एखादी शिकलेली बाई, अशी मंडळी एकमेकांना विचारून उभी राहत. गावच्या कारभारात राजकारण नको, हे त्यांचे ब्रीद. ते ऐकायला गोड लागते. ज्यांचे आधीपासून चालते आहे त्यांनाच ‘राजकारण नको’ म्हणणे परवडते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. यातले बरेचसे ‘अपक्ष’ मनाने हुजूर पक्षाचेच होते. शहरांत तर हा सोवळेपणाही नव्हता. १८७३ मध्ये बर्मिंगहॅमचा महापौर झालेल्या जोसेफ चेंबरलेनने पक्षयंत्रणेच्या जोरावर पालिका हाती घेतली, गॅस आणि पाणी पालिकेच्या मालकीचे केले आणि त्या जोरावर संसदेत गेला. पक्ष तिथे होताच. फरक एवढाच, की तो पक्ष बर्मिंगहॅममध्ये काय करणार हे बर्मिंगहॅमच्या निवडणुकीत ठरत असे.

स्थानिक निकाल आणि स्थानिक कारभार यांची ही गाठ सुटायला मजूर पक्ष निमित्त झाला, आणि त्याच्यापुरते ते न्याय्यही होते. ज्याच्याकडे जमीन नाही, वकील नाही, वर्तमानपत्र नाही, त्याला संघटना हवी. १९३४ मध्ये या पक्षाच्या हर्बर्ट मॉरिसनने लंडन काउंटी कौन्सिल जिंकले. पुढच्या, १९३७ च्या प्रचारात तर जाहिरात व्यवसायातली माणसे मदतीला होती. लंडन चालवून दाखवू, मग देश मागू, असा त्याचा रोख होता. स्थानिक निवडणूक ही राष्ट्रीय सत्तेची रंगीत तालीम झाली. मग नोव्हेंबर १९४७ मध्ये नगरपालिकांत हुजूर पक्षाने शेकडो जागा कमावल्या, तेव्हा तो मजूर पंतप्रधान ॲटलींच्या सरकारवरचा कौल असे मानायला कुणाला अडचण पडली नाही. रेशन आणि कोळशाच्या टंचाईने गांजलेल्या माणसाला नगरसेवक पाडण्यापलीकडे दुसरे हत्यारही नव्हते.

त्याच सुमाराला दुसरी गोष्ट घडत होती, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. पालिकांची रुग्णालये १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेत गेली. त्याच वर्षी वीज गेली, पुढच्या वर्षी गॅस, १९७४ मध्ये पाणी. चेंबरलेनने जे मिळवून नाव कमावले ते सारे एकेक करून वर गेले. १९७२ मध्ये डर्बीशरमधल्या क्ले क्रॉस या छोट्या शहरी डिस्ट्रिक्टच्या ११ मजूर सदस्यांनी सरकारने लादलेली भाडेवाढ करायला नकार दिला; त्यांच्यावर वसुली निघाली, ते अपात्र ठरले आणि १९७४ च्या पुनर्रचनेत ते डिस्ट्रिक्टच नकाशावरून गेले. १९८४ पासून घरपट्टी किती वाढवायची यावरही सरकारने कमाल मर्यादा घालायला सुरुवात केली. ज्या निवडणुकीतून कराचा दरही मोकळेपणाने ठरत नाही, त्या निवडणुकीला दुसरा काही अर्थ शोधावाच लागतो. टीव्हीने आणि वर्तमानपत्रांनी स्थानिक निवडणुका पळवल्या, ही तक्रार इंग्लंडमध्ये नेहमी ऐकू येते. मला ती अर्धीच पटते. सत्ता आधी लंडनला गेली. अर्थ तिच्या मागोमाग गेला.

त्याला साधनेही मिळाली. १९६९ च्या कायद्यापर्यंत मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव, पत्ता, व्यवसाय एवढेच असे. त्यानंतर पक्षाचे नाव आले. १९७४ पासून जुनी हजारभर डिस्ट्रिक्टे आणि नगरे एकत्र करून मोठी डिस्ट्रिक्टे झाली आणि सगळ्यांसाठी मेचा पहिला गुरुवार ठरला. एकाच दिवशी मत पडले की एकाच रात्री निकाल सांगता येतो. (पक्षाचे नाव मतपत्रिकेवर नसले म्हणजे निकाल पक्षाच्या खात्यात जात नाही, असे मात्र समजू नये. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक पक्ष जिंकलेल्या ग्रामपंचायतींचा असा आकडा सांगतो की बेरीज केली तर राज्यात तेवढ्या ग्रामपंचायतीच भरू नयेत.)

मग आकडा जन्माला आला. जिथे निवडणूक झाली त्या निवडक प्रभागांतला बदल मोजायचा आणि सगळ्या देशात मतदान झाले असते तर कोणाला किती टक्के मिळाले असते याचा अंदाज बांधायचा. बीबीसीचा एक आकडा, रॉलिंग्ज-थ्रॅशर यांचा दुसरा. काम चोख आणि उपयोगाचे. करणारे स्वतः त्याच्या मर्यादा सांगतात. पण आकडा एकदा बाहेर पडला की त्याच्या अटी मागे राहतात. मार्गारेट थॅचर यांनी १९८३ आणि १९८७ मध्ये मेच्या स्थानिक निकालांचा हिशेब पाहूनच काही दिवसांत सार्वत्रिक निवडणूक जाहीर केली आणि दोन्ही वेळा जिंकल्या. तेव्हापासून डिस्ट्रिक्टचा कचरा आणि पंतप्रधानांची तारीख एका ताटात आली. १९९० मध्ये घरपट्टीच्या जागी आलेल्या पोल टॅक्स या माणशी करावर लोक खवळलेले असताना हुजूर पक्षाने देशभर मार खाल्ला. पण पक्षाध्यक्ष केनेथ बेकर यांनी कर कमी ठेवलेल्या वँड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टर या लंडनमधल्या दोन परिषदांवर सगळ्यांचे डोळे खिळवून ठेवले. तिथे पक्ष दणक्यात जिंकला आणि दुसऱ्या दिवशी मथळे पराभवाचे नव्हते. निकाल लागायच्या आधीच त्याचा अर्थ पेरून ठेवण्याची कला तिथून सर्रास झाली. त्याचा बाईंना उपयोग झाला नाही, नोव्हेंबरमध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले, ही गोष्ट वेगळी.

या साऱ्या कहाणीत मला सर्वांत बोलके वाटते ते साउथ ऑक्सफर्डशर. २ मे २०१९. ब्रेक्झिट रखडलेले, पंतप्रधान थेरेसा मे हैराण. हुजूर पक्षाने इंग्लंडभर १,३०० हून अधिक जागा गमावल्या. लिबरल डेमोक्रॅट्सनी सुमारे ७०० कमावल्या. दोन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांनी अर्थ लावला, की लोकांना ब्रेक्झिट लवकर उरकून हवे आहे. ब्रेक्झिटला विरोध करणारे पक्ष जिंकत असताना काढलेला हा अर्थ धाडसाचा म्हणावा लागेल. साउथ ऑक्सफर्डशरमध्ये ३६ जागांच्या परिषदेत हुजूर पक्ष आधीच्या निवडणुकीतल्या ३३ वरून १० वर आला. वरच्या बेरजेत हीही ब्रेक्झिटची एक ओळ.

तिथल्या घरोघरी मात्र विकास आराखड्याचा विषय होता. ऑक्सफर्डभोवतीच्या हरित पट्ट्यातल्या जमिनी, चॅलग्रोव्हची जुनी धावपट्टी, या सगळ्यांवर हजारो घरे येणार होती. मावळत्या परिषदेने निवडणुकीच्या महिनाभर आधी तो आराखडा सरकारी तपासणीसाठी पाठवून दिला. त्याविरुद्ध बोलून निवडून आलेल्या लिबरल डेमोक्रॅट आणि ग्रीन सदस्यांनी शरद ऋतूत तो मागे घेण्याची तयारी केली. ऑक्टोबरमध्ये गृहनिर्माण मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी आदेश काढला: थांबा. काउंटीला शासनाने घरबांधणीसाठी २१.५ कोटी पाउंड देऊ केलेले, ते या आराखड्याशी बांधलेले. आराखडा काउंटीच्या ताब्यात द्यायचा विचारही झाला. मार्च २०२० मध्ये नवा आदेश आला, की डिसेंबरपर्यंत तो मंजूर करा. डिसेंबर २०२० मध्ये, त्याच्या विरोधात निवडून आलेल्या परिषदेने तो मंजूर केला.

घरे हवीत की नकोत हा प्रश्न इथे सोडून देतो. ऑक्सफर्डमध्ये तरुणांना घर मिळत नाही हे खरे आहे, आणि शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या घरमालकांनी सगळी घरे अडवावीत हेही मला योग्य वाटत नाही. प्रश्न निकालाचा आहे. मतदाराने ज्या विषयावर मत दिले त्या विषयावर त्याचे चालले नाही, आणि ज्या विषयावर ते मत मोजले गेले तो त्याच्या मतपत्रिकेवर नव्हता.

मतदार मात्र हे सगळे दिसते त्याहून बरे समजून असतो. ३ मे १९७९ ला सार्वत्रिक आणि डिस्ट्रिक्टच्या निवडणुका एकाच दिवशी झाल्या. थॅचर पंतप्रधान झाल्या आणि त्याच मतदानात मजूर पक्षाने परिषदांमध्ये जागा वाढवल्या. १ मे १९९७ ला, संसद आणि काउंटी दोन्हींसाठी एकाच खोलीत मत देणाऱ्यांनी लिबरल डेमोक्रॅट्सना काउंटीत संसदेपेक्षा मोठा वाटा दिला. पेन तेच, हात तोच. २०२३ मध्ये सफकमधल्या मिड सफक या शेतीवाडीच्या डिस्ट्रिक्टने ग्रीन पक्षाला ३४ पैकी २४ जागा दिल्या, देशातले ग्रीन बहुमताचे पहिले डिस्ट्रिक्ट. त्याला हुजूर पक्षावरचा राग एवढेच म्हणणे फार आळशीपणाचे. कधी तर अर्थ लावायला जागाच नसते. २०१७ मध्ये नॉर्थम्बरलंडच्या एका प्रभागात दोघांना सारखी मते पडली. काड्या ओढल्या गेल्या, हुजूर पक्षाच्या हाती आखूड काडी आली आणि ६७ जणांच्या परिषदेतले त्याचे बहुमत एका जागेने हुकले. आपल्याकडे याला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. तिथल्या शुक्रवारच्या विश्लेषणात ईश्वराला खुर्ची नसते.

आता ही डिस्ट्रिक्टेच जायची आहेत. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेने दुपदरी रचना संपवून एकेका भागात एकच मोठी परिषद ठेवायचे ठरवले. तेव्हा इंग्लंडमध्ये १६४ डिस्ट्रिक्ट कौन्सिले होती. पुनर्रचनेच्या नावाखाली मे २०२५ मध्ये नऊ परिषदांच्या निवडणुका पुढेही ढकलल्या गेल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर वर्षानुवर्षे प्रशासक पाहिलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. खर्च वाचेल, मतदाराचा गोंधळ कमी होईल, खड्डा कोणाचा हे निदान कळेल, असे समर्थन आहे आणि त्यात तथ्य आहे. सरेमध्ये एक काउंटी आणि अकरा डिस्ट्रिक्टे जाऊन दोन परिषदा उरायच्या ठरल्या आहेत. त्या अकरांपैकी एप्सम अँड यूलमध्ये १९३७ पासून, म्हणजे ते नगर झाले तेव्हापासून, सत्ता रहिवासी संघाकडे आहे. कोणत्याही राष्ट्रीय पक्षाला तिथे बहुमत मिळालेले नाही. म्हणून शुक्रवारच्या बेरजेत ते नेहमी ‘इतर’ या रकान्यात जाते. नव्या पूर्व सरे परिषदेत एप्समसह पाच डिस्ट्रिक्टे एकत्र येतील, आणि रहिवासी संघाला शेजारच्या चार डिस्ट्रिक्टांतल्या अनोळखी दारांची घंटा वाजवून सांगावे लागेल, की आम्ही कोणत्याच पक्षाचे नाही.