सूत्र राहिले, प्रश्न गेला

एकाने विचारलेला प्रश्न दुसऱ्याला सांगताना त्यातले काय राखायचे? अकोल्यात कुणी "कुठी जाऊन राह्यले?" असे विचारले, तर ऐकणारा घरी "कुठी जाऊन राह्यले म्हणून इचारलं" एवढेच सांगतो, प्रश्न त्यातल्या आदरासकट घरी पोचतो. कोरियन भाषेची रीत वेगळी. 'ओदी कासेयो?' ('कुठे चाललात?') हा अदबीचा प्रश्न तिसऱ्याला सांगताना 'ओदी कान्यागो' असा होतो; समोरच्याचा मान राखणारे शेवटचे '-यो' व्याकरणच काढून घेते. रोजच्या बोलण्यात याने काही बिघडत नाही. पण गुरूला विचारलेल्या प्रश्नाचे काय? उत्तर जपले आणि विचारणारा गाळला, तर उपदेश तोच राहतो का? माझ्या मते राहत नाही, आणि याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरातच आहे.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर, 13व्या शतकाच्या उत्तरार्धात, पंथातल्या म्हाइंभटांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले त्यांच्याकडून आठवणी मिळवून रिद्धपुरात 'लीळाचरित्र' सिद्ध केले. त्यात स्वामींचे शिष्य प्रश्न विचारतात: बाइसा विचारतात, महदाइसा विचारतात, भटोबास विचारतात. स्वामी कुणाला काय म्हणाले, हे नावानिशी कळते. पुढे पंथातल्याच केसोबासांनी त्यातली स्वामींची वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' केला. पाठांतराला ते सोयीचेच होते, पण विचारणारी माणसे मागे राहिली. महाराष्ट्रातच राहावे, कन्नड आणि तेलंग देशांत जाऊ नये, ही आज्ञा पाहा. ती सुटी वाचणाऱ्याला प्रांताभिमान वाटतो, आणि ती तशी मिरवलीही जाते. मुळात ती घरदार सोडलेल्या साधकांना आहे. ते देश विषयभोगांनी भरलेले, म्हणून तिकडे जायचे नाही. ऐकणारा संन्यासी आहे हे विसरले, की वैराग्याचा नियम शेजाऱ्यांविषयीचा आकस होऊन बसतो. पंथालाही ही अडचण जाणवली असावी. एरवी प्रत्येक सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारे 'प्रकरणवश' वेगळे रचण्याची गरज का पडावी?

यावर कुणी म्हणेल, सत्य सर्वांसाठी असते, ते कुणाच्या शंकेला का बांधायचे? ब्रह्मसूत्रेही कोणा एका शिष्याचे नाव घेत नाहीत. खरे आहे, पण ब्रह्मसूत्रे मुळातच सूत्रे म्हणून रचली गेली, आणि तरीही भाष्याशिवाय ती उलगडत नाहीत. चक्रधरांचे शब्द संवादात उमटले होते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: म्हाइंभटांनी टिपलेला प्रश्न तरी अक्षरशः मूळचा कशावरून? तो तसा नसेलही. मात्र एकाच लीळेच्या, म्हणजे प्रसंगाच्या, आठवणी जुळल्या नाहीत, तिथे त्यांनी पाठभेद दडपले नाहीत. कोणती आठवण कुणाची, हेही नोंदवले. प्रश्नाचा शब्द थोडा हलला तरी चालेल, विचारणारा हरवता कामा नये, ही शिस्त त्यात दिसते. मला ती शब्दशः पाठांतरापेक्षा मोठी वाटते. (महदाइसांची चिकित्सक वृत्ती आपल्याला कळते तीही याच नोंदींमुळे.) आता रिद्धपुरातच मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तिथून 'सूत्रपाठ' नव्याने छापला जाईल तेव्हा प्रत्येक सूत्राचे प्रकरण त्याच पानावर, सूत्राच्या आधी द्यावे, परिशिष्टात नको.