सर्व्हरला फुटलेला घाम

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या पतसंस्थेत सर्व्हरच्या खोलीचा थाट मोठा. चपला बाहेर, खिडक्या बंद, एसी कायम १६ अंशांवर. रविवारी सर्व्हर बंद ठेवत, एसी मात्र चालूच. “यंत्र जितकं गार, तितकं टिकतं,” असं चेअरमनसाहेब अभिमानाने सांगत. रिमोटवर १६ दिसलं की आपल्याकडे काळजी घेतल्याचं समाधान मिळतं, त्यातलाच हा प्रकार.

खरं तर सर्व्हरच्या पुस्तिकेत १० ते ३५ अंश चालतील, असं छापलेलं होतं. ॲशरे ही वातानुकूलन क्षेत्रातल्या अभियंत्यांची अमेरिकी संस्था. तिची शिफारसही १८ ते २७ अंशांची आहे. पुस्तिकेत आणखी एक अट होती: यंत्रावर दव धरता कामा नये. पण ती पुस्तिका कपाटात वॉरंटी कार्डाखाली पडून होती.

जुलैतल्या एका सोमवारी सकाळी, सर्व्हर सुरू करायच्या आधीच वीज गेली. एसी थांबला. आता खोली तापणार, या धास्तीने चेअरमनसाहेबांनी स्वतः दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. बाहेर पावसाची झड. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली, की २५ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. इथे तर दीड दिवस गारठलेलं लोखंड होतं.

अर्ध्या तासाने वीज आली, एसी काही सुरू होईना. म्हणून मिस्त्रीला बोलावलं. तो पूर्वी बर्फाच्या कारखान्यात होता. त्याने एसीकडे जाता जाता सर्व्हरच्या झाकणावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

“साहेब, याला घाम फुटलाय. आज बटण दाबू नका.”

“अरे, बाहेर माणसं खोळंबलीत! तुझ्या बर्फाच्या लादीला फुटतो घाम. हे मशीन आहे.”

“हवेला काय कळतंय लादी कुठली नि मशीन कुठलं?”

बटण दाबलं गेलं. पंखे क्षणभर फिरले, आतून तडतड झाली आणि जळका वास आला. बोर्डावर पाण्याचा पातळ थर, त्यात खाडीच्या हवेतलं मीठ. विजेला नको तिथून वाट मिळाली.

कोल्हापूरच्या मुख्य कार्यालयातून राखीव सर्व्हर निघाला. तिथे तो एसी खोलीत ठेवलेला, आणि आला तोही एसी गाडीतून. सोबतच्या मुलाने खोकं टेबलावर ठेवलं. चेअरमनसाहेबांनी पट्टी कापायला कात्री उचलली. काउंटरवर गलका वाढला होता. त्यांनी खोक्याच्या फटीतून आतल्या प्लॅस्टिकला हात लावून पाहिला. थंडगार. कात्री खाली ठेवून त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं.

“उद्या,” मिस्त्री म्हणाला. “पिशवी बंदच असू दे. घाम धरला तर पिशवीवर धरेल, आत नाही.”

मग चेअरमनसाहेबांनी जुनी खतावणी काढली आणि स्वतः काउंटरला बसले. शनिवारच्या छापील शिलकेवरून रकमा ताडून हाताने पावत्या लिहू लागले. रांगेतली कोळीण वैतागली होती. “नवीन मशीन आलंय ना दारात? मग लावा की! का माहेरपणाला आलंय ते?”

“प्रवासातून आलंय, मावशी. आजचा दिवस बसू दे त्याला.”

“आमाला कोण बसू देतंय!” असं म्हणत तिने पैसे दोनदा मोजून घेतले.

दुसऱ्या दिवशी पिशवी हाताला गार लागेनाशी झाल्यावरच ती फोडली. सर्व्हर सुरू झाला, शनिवारचा बॅकअप चढवला. एसी २४ वर आला, रविवारीही त्याच आकड्यावर राहू लागला. खिडक्यांच्या फटी बुजवल्या, भिंतीवर आर्द्रतामापक लागला. सोमवारच्या पावत्यांची नोंद करायला मात्र संध्याकाळ उजाडली. चेअरमनसाहेब एकेक पावती वाचत होते आणि कारकून टंकत होता.