आवाज कोठून येतो?

मोटारीच्या इंजिनातून अनोळखी आवाज आला की आपण एकतर ऐकून न ऐकल्यासारखे करतो, नाहीतर ‘इंजिन गेले!’ असा निकाल देऊन मोकळे होतो. जाणता मेकॅनिक तसे करीत नाही. जुन्या ॲम्बॅसिडरचे इंजिन चालू ठेवून तो 4 प्लगांच्या वायरी एकेक करून काढतो व लावतो. जिची वायर काढताच ठोका मंदावतो, त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असावे, हे तो ओळखतो. टॅपेटची टिकटिक मात्र तशीच राहते. ती काही दिवस चालते. ठोक्याकडे दुर्लक्ष केल्यास क्रँकशाफ्टच खराब होतो.

घरातल्या कोणाचा स्वर बदलला, तर दोष देणे सोपे, कानाडोळा करणे त्याहून सोपे. परंतु जवळ जाऊन, दुखते कोठे हे धीराने शोधणे, हेच प्रीतीचे काम नव्हे काय?