एका शिक्क्यात दोन प्रश्न

16 जानेवारी 1967 ला गोव्याला सरळ विचारलं गेलं: महाराष्ट्रात जाणार की केंद्रशासित राहणार? एकीकडे फूल, दुसरीकडे दोन पानं. विलीनीकरणाला 1,38,170 मतं पडली, विरोधात 1,72,191. अनेकांना निकाल कडू लागला, पण कौल कशाचा, यावर वाद उरला नाही.

निपाणीला असं कुणी विचारलंच नाही. 1956 ला हे मराठी भाषकांचं सीमेवरचं गाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालाने निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला द्यावं असं सुचवलं. बेळगाव सोडायला महाराष्ट्र तयार नव्हता, अहवाल फेटाळला गेला आणि निपाणी आहे तिथेच राहिली. मग लोकांनी विधानसभेच्या मतदानालाच सार्वमत मानलं. महाराष्ट्र एकीकरण समितीला मत म्हणजे महाराष्ट्राला मत.

पण शिक्का एकच, आणि तंबाखूचा भावही त्याच मतपत्रिकेवर. 1981 साली त्याच भावासाठी शेतकरी नेते शरद जोशींच्या आंदोलनात इथले शेतकरी हमरस्त्यावर ठाण मांडून बसले, 6 एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली. तंबाखूच्या वखारवाल्यांशी भांडणाऱ्या त्या शेतकऱ्याने मत भावाला द्यायचं की भाषेला? समितीची मतं घटली की ‘सीमाप्रश्न संपला’ म्हणणारे मतमोजणी करत नाहीत, मनकवडेपणा करतात. समितीच्या प्रत्येक विजयात फक्त सीमाप्रश्न पाहणारेही तेच करत होते, हेही म्हटलं पाहिजे.

शिवाय आपल्याकडे सर्वाधिक मतं घेणारा जिंकतो, निम्मी मिळोत न मिळोत. 2023 ला निपाणीत भाजपच्या शशिकला जोल्ले निवडून आल्या. राष्ट्रवादीचे उत्तम पाटील दुसरे, काँग्रेसचे काकासाहेब पाटील तिसरे. विरोधातली मतं विजयी मतांहून जास्त होती. फ्रान्सच्या गणितज्ञ काँदोर्सेने 1785 मध्येच दाखवलं होतं की तिघांत पहिला येणारा समोरासमोरच्या लढतीत हरू शकतो. इथे तसं झालं असतं का? दुसरी पसंती कुणी विचारतच नाही, त्यामुळे सांगता येत नाही.

शेजारच्या बेळगावने 1996 च्या लोकसभेला वेगळाच मार्ग काढला. सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधायला उमेदवारांची रीघ लावली; रिंगणात 456 जण उरले. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंड्यात त्याच वर्षी 480 होते. दिल्लीने दखल घेतली ती अशी: लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजार केली आणि अपक्षाला दहा सूचक सक्तीचे केले.