कारण दिसतं, आजार दिसत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या महाविद्यालयात आत्महत्या हा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. आज वर्गात बसणारी मुलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली, पण नापिकी, कापसाचा भाव, थकलेलं कर्ज आणि सावकाराचा तगादा ही साखळी त्यांना तोंडपाठ आहे. ती खरीही आहे. तरी मला असं वाटतं की कारणांची ही पक्की ओळखच नैराश्याच्या आजाराची ओळख पटू देत नाही.

ऑस्ट्रेलियातले अँथनी जॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. तिची रीत साधी होती. लोकांना एका काल्पनिक व्यक्तीचं वर्णन द्यायचं, आजाराचं नाव सांगायचं नाही, आणि विचारायचं की हिला काय झालंय आणि कशानं बरं वाटेल. नैराश्याचं वर्णन वाचून ते नैराश्य आहे हे 39 टक्के लोकांनाच ओळखता आलं.

हीच रीत यवतमाळात वापरायची तर वर्णन असं लिहावं लागेल. घाटंजी तालुक्यातला मुलगा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, शहरात मित्राबरोबर खोली करून राहतो. महिना झाला, पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. मेसचा डबा अर्धा तसाच परत जातो. संध्याकाळचं क्रिकेट सुटलं. पुस्तक उघडं असतं, पान मात्र उलटत नाही. डोकं जड वाटतं म्हणून मेडिकलमधून गोळी आणतो. घरून फोन आला की ‘बरं आहे’ म्हणून ठेवून देतो. घरी दोन लाखांचं पीककर्ज थकलं आहे.

या शेवटच्या वाक्यापाशी आपण सगळेच थांबतो. ते नसतं तर मित्रांनी कदाचित विचारलं असतं, याला झालंय तरी काय? ते असलं की उत्तर तयार असतं: घरचं टेन्शन आहे. मागोमाग उपायही येतात. धीर धर, मन रमव, गावी जाऊन ये, पोलीस भरतीची तयारी कर. यातल्या एकाही सल्ल्यात वाईट हेतू नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल, कशातच गोडी उरली नसेल, त्याबरोबर झोप, भूक, ताकद, एकाग्रता ढासळली असेल आणि आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटत असेल, तर डॉक्टर त्याकडे आजार म्हणून पाहतात. त्यामागे कारण आहे की नाही, यावर ते निदान अडत नाही. धुऱ्यावरून घसरून पाय मोडला तर धुरा निसरडा होता हे खरंच असतं, पण हाड बसवावंच लागतं.

आपल्याकडे कारणाला इतकं वजन आलं त्यात सरकारी कागदाचाही वाटा आहे. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणाची चौकशी होते आणि ते ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत. त्यासाठी जमीन, कर्ज, नापिकी, परतफेडीचा तगादा हे सगळं कागदावर दाखवावं लागतं. मयताला बरेच दिवस झोप नव्हती, तो कुणाशी बोलत नव्हता, दारू वाढली होती, हे घरात प्रत्येकाला माहीत असतं. ते बोललं तर प्रकरण अपात्र होईल ही धास्ती असते, म्हणून घर गप्प राहतं. अशा घरातल्या मुलीनं किंवा मुलानं नकळत एक धडा घेतलेला असतो: दुःखाला बाहेरचं, दाखवता येणारं कारण लागतं, आतलं सांगितलं तर नुकसान होतं. हीच मुलं पुढे वसतिगृहात एकमेकांचे खोलीमित्र होतात.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. 2015 मध्ये राज्यानं शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. अशा उपक्रमांबद्दल शेतकरी कार्यकर्ते विचारतात की भाव पाडायचा, विम्याचे पैसे अडवायचे आणि वर शेतकऱ्यालाच मनोरुग्ण ठरवायचं का? प्रश्न रास्त आहे. समुपदेशकाची नेमणूक करून धोरणाची जबाबदारी झटकता येणार नाही. पण भाव सुधारेपर्यंत मुलानं पहाटे तीनला छताकडे बघत पडून राहावं, असाही त्या प्रश्नाचा अर्थ होत नाही. जूनमध्ये घरी बियाण्याला पैसे लागतात त्याच वेळी प्रवेशाची फी भरायची असते, हिवाळी परीक्षा कापूस वेचणीच्या हंगामात येते. हा ताण धोरणाचा आहे, आजार त्या मुलाच्या शरीरात आहे आणि त्यावर आज उपचार उपलब्ध आहेत.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, आजाराची ओळख करून दिली, समुपदेशन गावापर्यंत आणलं, आणि गरज पडेल तेव्हाच मनोविकारतज्ज्ञ गाठले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तेव्हा वऱ्हाडातला माणूस मनाचं बोलत नाही, ही समजूत सोडून द्यावी. ऐकणारा जवळ असला की तो बोलतो.

महाविद्यालयात तो ऐकणारा बहुतेक वेळा खोलीमित्रच असणार. त्याला पोस्टर स्पर्धेपेक्षा चार-दोन वाक्यं शिकवली पाहिजेत.

“काय बे, महिन्यापासून झोपून नाही राहिला तू.”

“काही नाही बे.”

“जेवतही नाहीस. एक विचारू? मरून जावं असं येते का मनात?”

हा प्रश्न विचारला तर नसलेला विचार डोक्यात भरेल, अशी भीती सगळ्यांना वाटते. तसं होत नाही. उलट, ज्याच्या मनात तो विचार असतो त्याला पहिल्यांदा कुणीतरी बोलायला जागा देतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवायला घरच्यांना सांगायचं, आणि गुपित राखण्याचं वचन द्यायचं नाही. 14416 या टेलिमानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे चिठ्ठी काढण्यापासून नंबर येईपर्यंत सोबत बसायचं. ‘पोलीस केस होईल’ या धाकानं अनेक घरं गप्प बसतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षेतून वगळलं आहे, हे मुलांना माहीत असायला हवं.

हे शिकवायला वेगळी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास काम करायचं असतं. त्यातले काही तास या सरावाला द्यावेत. मात्र समुपदेशकाचं काम मित्राच्या खांद्यावर ढकलू नये. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 रोजी बजावलं आहे. एखाद्या प्राध्यापकाच्या नावापुढे ‘समुपदेशन कक्ष प्रमुख’ असं लिहून ही अट पूर्ण होत नाही.

आणखी एक गोष्ट नेहमी निसटते. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. त्यांची नशेसारखी चटक लागत नाही, पण मध्येच एकदम बंद केली तर त्रास होतो आणि आजार उलटू शकतो. मुलगा दिवाळीत वेचणीला गावी जातो तेव्हा गोळ्या संपतात, आणि यवतमाळला परत यायला एसटीचं भाडं व एका दिवसाची मजुरी दोन्ही जातात. म्हणून पुसद, दारव्हा, पांढरकवड्याच्या रुग्णालयांत तीच चिठ्ठी दाखवून तीच औषधं मिळाली पाहिजेत, आणि सुट्टी लागण्याआधी महाविद्यालयाच्या समुपदेशकानं तिथे फोन करून ती उपलब्ध आहेत याची खात्री करून घेतली पाहिजे.